केळ्यांचा प्रश्न

डायलिसिसवर असलेले गणपतअण्णा सुनेची नर्सिंगच्या परीक्षेची उजळणी घेत होते. पुस्तक बघून त्यांनी विचारलं, "किडनीच्या पेशंटला काय खायला द्यायचं नाही?"

"केळी, शहाळं. पोटॅशियम वाढतं, हृदय बंद पडू शकतं," अर्पितानं सांगितलं.

अण्णांनी शांतपणे पुस्तक मिटलं. "आणि दोन केळी खाऊन झाली असतील तर?"

अर्पितानं त्यांची नाडी धरली आणि दुसऱ्या हातानं रिक्षावाल्याला फोन लावला.

दवाखान्यात ईसीजी बिघडलेलाच निघाला. इंजेक्शनं झाली, डायलिसिस झालं, संध्याकाळी ठोके ताळ्यावर आले. तोवर अर्पिता एका शब्दानंही रागावली नव्हती. अण्णांना तेच जास्त लागलं.

"केळ्यांचं तुझ्या सासूला सांगू नकोस," ते पुटपुटले.

"पेशंटची माहिती नर्स बाहेर सांगत नाही, अण्णा. हेही परीक्षेला आहे."