मागची तारीख

रजनीने ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तिसऱ्यांदा पासवर्ड टाकला. पडद्यावर पुन्हा तेच वाक्य आलं : सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही.

"सहा मेल अटकून पडलेत मॅडम," हेडक्लार्क अप्पाराव म्हणाले. "जल्दी करा. सचिवसाहेब सकाळपासून इचारून राह्यलेत."

वाटूर फाट्यावरच्या या कॉलेजात रजनी सहा वर्षं तासांच्या मानधनावर कॉम्प्युटर शिकवत होती. यंदा, २००८ साली, एकदाची कायम जागा निघाली. तिने पहिल्याच दिवशी अर्ज दिला होता आणि आता मुलाखतीच्या पत्राकडे डोळे लावून बसली होती. तोवर ऑफिसातलं काही बिघडलं की हाक तिलाच.

मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमची सगळी सेटिंग तिने तपासली. पोर्ट बरोबर, एन्क्रिप्शन चालू. मग तिचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यात गेलं. आज तेरा जून. कॉम्प्युटर दोन जून दाखवत होता. मेल सर्व्हरची ओळख पटवणारं नवं प्रमाणपत्र आठ जूनपासूनचं. कॉम्प्युटरच्या लेखी ते अजून जन्मालाच आलं नव्हतं, मग तो विश्वास कसा ठेवणार?

तिला हसू आलं. पत्रावर मागची तारीख हवी असली की या ऑफिसात अख्खा कॉम्प्युटरच मागे नेत. प्रिंटर बिचारा निमूट ऐकायचा.

तिने तारीख दुरुस्त केली. जोडणी लागली. एकेक मेल सुटू लागला आणि चौथ्यावर तिला स्वतःचंच नाव दिसलं. मुलाखतीचं पत्र! तिने ते उघडलं.

'दिनांक २ जून. आपण १० जून रोजी सकाळी अकरा वाजता मूळ कागदपत्रांसह उपस्थित राहावे.'

"अप्पाराव, दहा तारीख तर होऊन गेली."

"मुलाखती झाल्या की. सचिवसाहेबांच्या भाच्याची ऑर्डर बी निघाली. तुम्हीच आल्या न्हाईत."

"कशी येणार? पत्र आत्ता जातंय! माझ्याच हातानं!" रजनीचा आवाज संतापाने फाटला. "मेलवर तेरा तारीख पडलीय, बघा."

"मंग त्याच्यासाठीच तर हे," म्हणत अप्पारावांनी पत्रं मिळाल्याच्या सह्यांची वही तिच्यापुढे सरकवली. "इथं सही करा मॅडम. पुढचे तास पाह्यजेत ना? तारीख टाकू नका, ती मी टाकतो."