चुकून लागलेला फोन

हेमांगीच्या कानातले बड्स ऑफिसची मीटिंग अर्धवट सोडून कंप्युटरवरून मोबाइलवर गेले. मन जिकडे ओढ घेईल तिकडे ते आपसूक जोडले जात. हल्ली सगळ्यांचेच तसे होते.

पलीकडे वडील खाकरले. तिच्या लग्नावरून भांडण झाल्यापासून दोघांत अबोला होता.

"फोन तू केलास?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. मला वाटलं, तुम्हीच केलात."

"छे, मी तर कंप्युटरवर बुद्धिबळ खेळत बसलो होतो."

म्हणजे त्यांचेही बड्स डाव टाकून इकडे आले होते.

"चुकून लागला असेल," वडील म्हणाले. "ठेवू?"

"ठेवून बघा. पुन्हा लागेल."

"मग राहू दे," ते म्हणाले. "आमचे जावई बरे आहेत ना?"