कर्नल पडला

"उठला! बाबा, कर्नल उठला!" लॅपटॉप उराशी कवटाळून ईश्वरी हॉलभर नाचली.

कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा. तिचा कर्नल सुरू होताच मेमरीतल्या रिकाम्या पत्त्यावर माहिती आणायला जायचा आणि कोसळायचा. "कर्नल पुन्हा पडला," म्हणत ती आठवडाभर डोकं धरून बसली होती; नोकरी जायची पाळी आली होती. आज तिनं कोडमध्ये एकच ओळ घातली: पत्ता रिकामा असेल, तर जाऊच नकोस.

तेवढ्यात आतून बाबा आले, फौजेतले निवृत्त सुभेदार. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, छातीवर पदकं, हातात शहाळं.

"देव पावला! चल, कर्नलसाहेबांना भेटून येऊ. पत्ता सांग."

हसता हसता ईश्वरी सोफ्यावर कोसळली. "पत्ता रिकामाय, बाबा. जाऊच नका!"