धावपट्टीशेजारचा संसार

हवाई दलाने देश राखला, तसा सार्जंट कदमांचा संसारही राखला. तळावरच्या त्यांच्या क्वार्टरवरून सारखी विमानं उडायची. भांडण मध्येच थांबवावं लागे, आणि आवाज ओसरेपर्यंत नवरा-बायको दोघंही मुद्दा विसरून जात.

१९८४ साली कदम निवृत्त झाले आणि दोघं मुलुंडच्या शांत गल्लीत राहायला आली. इथलं पहिलंच भांडण चौथ्या दिवशीही चालू होतं.

"बावीस वर्षं तुमच्या बदल्यांमागे फरफटले मी!"

"मग राहायचं होतंस गुहागरात, आईच्या पदराखाली!"

"आता जातेच. कायमची!" जानकीने काळी ट्रंक पलंगाखालून ओढली.

कदम दारात आडवे उभे राहिले. बराच वेळ त्यांनी आभाळाकडे पाहिलं.

 

"जानकी, जाण्याआधी जरा मिक्सर लाव ना. रिकामाच."