तिसरी खाच

"गज दाखवा, चाचा."

गलबताचा तांडेल गुलाम रसूल पाण्याच्या टाकीकडून वर आला, तसा फारुक त्याच्या वाटेत उभा राहिला. तांडेलाच्या हातात टाकी मापायचा सागवानी गज होता. त्यावर चार-चार बोटांवर खाचा पाडलेल्या. गज तिसऱ्या खाचेपर्यंत ओला होता.

गलबत मंगळुरी कौलं भरून जयगडला निघालं होतं. मध्येच वारा पडला. शीड डोलकाठीला लोंबकळत राहिलं, पाण्याच्या ओढीनं गलबत बाहेर नेलं आणि किनारा दिसेनासा झाला. चहूकडे पाणीच पाणी, आणि प्यायला दिवसाला माणशी मिळायचं जर्मनचं एक भांडं, तेही अर्धं. फारुकला एका जागी बसवत नव्हतं. घरी बायकोचे, बिल्किसचे दिवस भरले होते. तो सारखा येरझारा घालायचा आणि येता-जाता गलबतावर बांधलेल्या होडीच्या दोऱ्या चाचपायचा.

होडीत तिघं मावत. गलबतावर पाच माणसं होती, त्यातला मुसा तापानं फणफणून कौलांआड पडलेला. होडी गेली तर मागे कोण राहणार, हे कुणी बोलत नव्हतं. ठाऊक मात्र सगळ्यांना होतं.

"तीन खाचा पानी हाय, मग घोटघोटच का देता?" फारुकनं विचारलं.

"वाऱ्याचा काय भरवसा? पुरवून प्यायचा."

"आनि टाकीत नसलाच तर? नसला तर आमी होडी सोडनार. काय रं रघू?"

मागे उभ्या रघूनं मान डोलावली. धाकूनं तर होडीची एक गाठ सोडलीसुद्धा.

फारुकनं गज हिसकावला. खरं म्हणजे त्याला तपासायचं असं काही नव्हतं. लाकडावर पाणी चमकत होतं आणि त्याचा जीव तहानेनं कासावीस झाला होता. त्यानं गज आडवा धरला आणि चाटला.

खारट. गलबताच्या तळाशी झिरपून साठतं ते पाणी, डांबराच्या वासाचं.

त्याला भयंकर संताप आला. म्हणजे हा म्हातारा रोज खाली जाऊन गज खाऱ्या पाण्यात बुडवतो आणि वर येऊन आम्हाला दाखवतो! त्यानं मान वर केली. तांडेलाचं तोंड वीतभर अंतरावर होतं. ओठ फुटून त्यांवर रक्त सुकलं होतं. इतके फुटलेले ओठ गलबतावर दुसऱ्या कुणाचे नव्हते, मुसाचेही नव्हते. सकाळी मुसाच्या उशाशी दोन भांडी होती, ते फारुकला आत्ता आठवलं.

तांडेलानं नजर चुकवली नाही.

"काय रं?" रघूनं मागून विचारलं. "पानी हाय ना?"

फारुकनं ओठांवरून जीभ फिरवली. घशाची कोरड आणखी वाढली होती.

"हाय," तो म्हणाला. "गोडा हाय."

धाकूनं गाठ पुन्हा आवळली. रघू वाऱ्याला शिव्या देत शिडाच्या सावलीत जाऊन आडवा झाला.

"उद्यापासून पानी मी मापीन, चाचा," फारुक हळूच म्हणाला.

तो गज घेऊन खाली उतरला. टाकीचं झाकण उचलून आत किती आहे ते त्यानं पाहिलं नाही. गज मांडीवर आडवा ठेवून तो झाकणावर बसून राहिला.