मनात येईल ते

“मनात येईल ते करता येते याच्यात,” पौर्णिमा म्हणाली आणि तिने लॅपटॉप दिवाणावर आईच्या पुढ्यात सरकवला. तिच्या कंपनीच्या कॉम्प्युटर खेळाच्या जाहिरातीतलं हेच वाक्य गेली सहा वर्षं जगभर वाजत होतं. आपल्या तोंडून ते निघालं तेव्हा तिचं तिलाच कसंसं झालं.

गोदाबाई दिवाणावर मांडी घालून बसली होती. लेकीने पुण्यात एवढी वर्षं डोळे फोडून केलं तरी काय ते एकदाचं बघू या म्हणून तिने चष्मा पदराने पुसला आणि पुढे वाकली. पौर्णिमा कंट्रोलर हातात घेऊन तिच्यामागे उभीच होती. बॅग दाराशी भरून ठेवलेली. संध्याकाळी बालाघाटहून गोंदियाची गाडी, तिथून पुढे पुणं. बसायला सवड होती कुणाला!

खेळ येऊन दोन महिने झाले होते. त्याआधी काय तो गाजावाजा! शेकडो कोटींचा खर्च, न संपणारं जग, हजारो माणसं, प्रत्येकाची वेगळी कहाणी. लोकांनी म्हणे खेळायला ऑफिसातून रजा घेऊन ठेवल्या होत्या. आणि आठवडाभरात त्याच लोकांनी शिव्या घालायला सुरुवात केली. मोठा आहे पण त्यात जीव नाही, म्हणाले. पौर्णिमाने आधी एकेक शिवी वाचली, मग वाचणं सोडून दिलं. थकली होती पोरगी. आता तिला कुणाचीच शाबासकी नको होती, एका आईची सोडून. याच खेळापायी ती बाबांच्या मयतीला आली ती तिसऱ्या दिवशी परत गेली होती. तेरवीलाही आली नव्हती. आईने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही, आणि तेच तिला जास्त लागत होतं. आज आईने एकदा म्हणावं की बाई, काम खरंच मोठं केलंस, एवढ्यासाठी ती लॅपटॉप घेऊन आली होती.

पडद्यावर खेळाचा हिरो घोड्यावर बसून निघाला. दरी आली, धबधबा आला. गोदाबाईने हे डोंगर आपल्या बैहरकडचे का म्हणून विचारलं. पौर्णिमाने नाही म्हटलं आणि घोडा दामटून त्याला एका खेड्यात आणलं. तिथल्या शेवटच्या घरापाशी ती थांबली.

“हे घर मी बनवलं, आई. आतलं सगळं मीच.”

भिंतीचा पोपडा, काळवंडलेली चूल, झाकण ठेवलेली मडकी, कोपऱ्यातली टोपली. या एका घरासाठी तिने कितीतरी रात्री घालवल्या होत्या. गोदाबाईने सावकाश सगळं पाहिलं.

“चूल चांगली साधली,” ती म्हणाली.

पौर्णिमाला बरं वाटलं. पण तेवढ्यात सवयीने तिची बोटं चालली आणि हिरो जोड्यांसकट आत शिरला, त्याने मडक्यांवरची झाकणं उचलून पाहिली आणि टोपलीतल्या भाकरी आपल्या झोळीत टाकल्या. चुलीपाशी एक म्हातारी बसली होती. तिच्या देखत हे चाललं होतं. तिने काही विचारलं नाही की यानेही नाही. गोदाबाईला ते काही बरं दिसलं नाही. खेळात चालतं असं, म्हणून पौर्णिमाने वेळ मारून नेली.

मग म्हातारी इंग्रजीत बोलायला लागली आणि पौर्णिमाने ते आईला समजावलं. तिच्या पोराला जंगलात लांडग्यांनी मारलं. त्याची अंगठी तिथंच पडली आहे, ती हिरोने आणून द्यायची. एवढं बोलून झाल्यावर म्हातारी, जंगलाची वाट वाईट आहे बाबा, जपून जा, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

“पोरगा मेला तिचा?” गोदाबाईने विचारलं.

“हौ.”

“मंग हा उभा काहून हाय?”

“आता अंगठी आणायले जायचं ना त्याले.”

“अंगठी आणंल ना मंग. आधी बसव त्याले तिच्यापाशी. मयताच्या घरी माणूस घडीभर बसते.”

काही होणार नाही हे पौर्णिमाला माहीत होतं. तरी तिने एकेक बटण दाबून पाहिलं. हिरोने उडी मारली. कोलांटी घेतली. एकदा तर म्हातारीपुढे तलवारच उपसली. तलवार चालवायच्या त्याला नाना तऱ्हा येत होत्या, बसणं तेवढं येत नव्हतं. खेळ बनवणाऱ्या एवढ्या माणसांत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं ते. ती चूल जिने बनवली तिच्याही नाही.

“नाही येत त्याले बसता,” ती शेवटी म्हणाली.

गोदाबाई हसली नाही, रागावलीही नाही. बाबा गेल्यावर शेजारची शेवंताबाई घरचं काम आटोपून रोज दुपारी यायची, त्या भिंतीला टेकून बसायची, हे तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. बोलायचं काही नव्हतंच. कधी शेवंताबाई तांदूळ निवडून द्यायची, कधी तेही नाही. अंधार पडायला लागला की जायची.

पौर्णिमाने मान खाली घातली. तीन दिवस ती या घरात होती तेव्हाही फोन कानाला लावून अंगणात फिरत होती.

गोदाबाईने दिवाणावरची घडी केलेली चादर उचलून पलीकडे ठेवली आणि स्वतः थोडी सरकली.

“त्याले नाही येत तर राहू दे. तुले येते ना?”

पौर्णिमाने कंट्रोलर खाली ठेवला आणि ती आईला लागून बसली. तिला रडू आलं, ते तिने आवरलं नाही. पडद्यावर म्हातारीने पुन्हा एकदा जंगलाच्या वाटेचं सांगितलं. आणि तो उपसलेली तलवार हातात धरून, पुढच्या हुकुमाची वाट पाहत, तिच्या चुलीपाशी उभाच होता.