चारात एक

"पण मॅडम, पोराचं कार्ड तं साफ आहे ना!" वंदनाबाईंनी पर्समधून होणाऱ्या जावयाचं, अश्विनचं, सिकलसेलचं कार्ड पुन्हा काढून टेबलावर ठेवलं.

डॉक्टर दीप्ती मॅडमनी ते हातातही घेतलं नाही. सकाळपासून बोलून त्यांचा आवाज बसला होता. "आई, हे सिकलचं आहे. सिकलमध्ये आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून आलं तरच लेकराला आजार होतो. म्हणून आपल्याकडे लग्नाआधी कार्ड बघतात, ते बरोबरच आहे. पण तुमच्या संघपालला आहे हिमोफिलिया, रक्त न गोठण्याचा आजार. मुलात तो एकट्या आईकडून येतो. जावई कितीही साफ असू द्या, त्याचा इथे काही उपयोग नाही."

वंदनाबाईंचा चेहरा उतरला. बाजूच्या पलंगावर त्यांचा पोरगा संघपाल हात पसरून पडला होता. बावीस वर्षांचा उंचापुरा पोरगा, अन् उजवा गुडघा आत रक्त साचून नारळाएवढा सुजलेला. पडला नाही, झडला नाही, नुसता जिना चढला होता. सिस्टर त्याच्या शिरेतून रक्त गोठवायचं औषध हळूहळू आत सोडत होती.

त्याची मोठी बहीण रितिका स्टुलावर बसली होती. रविवारी तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. मुलगा मिहानमधल्या कंपनीत नोकरीला, घरचे पारशिवनीचे. ते लोक पाहायला आले तेव्हा त्यांनी संघपालचं लंगडणं पाहून विचारलं होतंच. वंदनाबाई म्हणाल्या, गाडीवरून पडला. आणि त्यात आपलं काही चुकलं असं त्यांच्या मनातही आलं नाही. एकाचं कार्ड साफ असलं की लेकरू धड होतं, हे अख्ख्या नागपूरला माहीत आहे. मग उगाच लोकांना कशाला घाबरवायचं?

मॅडमनी कागद ओढला. "तुमचा भाऊ याच आजारानं गेला. संघपाललाही तोच. म्हणजे हे तुमच्यात आहे, आई. तुम्हाला त्रास नाही, पण आहे. रितिकात असायची शक्यता निम्मी."

"निम्मी ना?" वंदनाबाईंना जरा धीर आला. "मंग झालं ना मॅडम. दोन लेकरं, याच्यात आलं. निम्मं झालं. हिच्यात नसंन."

"असं वाटून नाही येत हो ते. प्रत्येक लेकराच्या वेळी नव्यानं सुरुवात."

"आणि माझ्यात असलं तं?" रितिकानं विचारलं.

मॅडमनी कागदावर चार गोल काढले. "दोन मुली, दोन मुलगे समज. मुलींना आजार नाही, एखादी तुझ्यासारखी पुढं नेईल. दोन मुलग्यांत एकाला होईल." त्यांनी एक गोल पेनानं काळा केला. "चारात एक. दर खेपेला. तुझं रक्त आज घेते, म्हणजे नक्की कळेल. रिपोर्टला महिना लागेल."

"महिना? अवं माय!" वंदनाबाईंनी कपाळाला हात लावला. पण मॅडमना बाहेरून हाक आली होती. त्या गेल्या.

सिस्टरनं सुई काढली, कापूस ठेवला आणि तीही गेली. वंदनाबाई उठल्या आणि पोराच्या हातावरचा कापूस अंगठ्यानं दाबून उभ्या राहिल्या. हे काम त्यांना कुणी सांगायची गरज नसे.

"रविवार निघू दे, मंग पाहू," त्या लेकीला म्हणाल्या. "आन् बाबू, तू हॉलवर येऊ नको गा. लंगडताना दिसला तं पुन्हा विचारतीन. थकली मी उत्तरं देऊन देऊन."

संघपालला वाईट वाटलं. पण आई खरंच थकलेली दिसत होती.

रितिका मात्र भडकली. "काय बोलून राहिली वं आई तू? माझ्याच साक्षगंधात माझा भाऊ नाही?"

"मंग मोडू का सोयरीक? असं लेकरू वाढवाले काय लागते, तुले नाही माहीत. मले माहीत आहे!"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, आपण कुणासमोर बोललो ते. त्यांनी घाबरून संघपालकडे पाहिलं. तो मोकळ्या हातानं टेबलावरचा कागद उचलून बघत होता.

"हा काळा केलेला, हा मी का?"

"तसं नाही रे राजा..."

"आई, तुले आधी माहीत असतं तं?"

वंदनाबाईंना खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. कापूस तेवढा त्यांनी घट्ट धरला.

"जाऊ दे," संघपालच म्हणाला. कागद त्यानं परत ठेवला. "ताई, आत्ताच फोन लाव भाऊजीले. सारं सांग. माझंही आन् तुझंही. असा पोरगा कसा असते म्हणून विचारलं, तं म्हणावं, रविवारी हॉलवर पाहून घे. मी समोरच्याच खुर्चीवर बसतो."

रितिकानं आईकडे पाहिलं. आई नाही म्हणाली नाही. रितिकानं अश्विनचा नंबर लावला. पलीकडे रिंग जाऊ लागली.

"आई, सोड ना आता," संघपाल हळूच म्हणाला. "रक्त कधीचं थांबलं."

"राहू दे," वंदनाबाई म्हणाल्या. "राहू दे जरा वेळ."